शेवटी कोण बसलं होतं?

चौकात कोणी उतारा ठेवला, की दारव्ह्यात लोक वळसा घालून जातात. संघदीप तसा जात नसे. तो सायकल लावायचा, उताऱ्यातला नारळ उचलायचा, कानाशी धरून हलवायचा आणि घरी नेऊन त्याची चटणी करायला लावायचा. कूलरचे टब, संडासाची दारं, पाण्याच्या टाक्या, असलं फायबरचं काम तो घरीच करी आणि चांगलं करी. पण नाव झालं ते नारळाचं. लोक तोंडावर शाबासकी देत आणि पाठीमागे ‘एक दिवस दिसंल’ म्हणत. संघदीपला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्ही आवडत होतं. छप्पन सालच्या दीक्षेनंतर त्याच्या आज्यानं घरातले देव टोपल्यात घालून नदीला पोचवले होते. देवालाच ज्या घरात जागा उरली नाही तिथं भुताला कोण ठेवून घेणार, असं तो म्हणे आणि समोरच्याचा चेहरा कसा होतो ते बारकाईनं पाही. मानमरातब जपण्याची प्रत्येकाची आपली तऱ्हा असते. कोणी देऊळ बांधतो, कोणी नारळ खातो.

तर त्याच्या बायकोचा, मैत्रेयीचा, धाकटा भाऊ अतुल धरणाकाठच्या गावात राहायचा. तिथल्या मच्छीमार संस्थेनं त्याला यंदा सभासद करून घ्यायचं कबूल केलं होतं, पण बोट स्वतःची पाहिजे म्हणाले. संस्थेचा चौकीदार नेमसिंग, त्यानं शेडमागे पालथी पडलेली एक फायबरची बोट दाखवली. रंग उडालेला, बूड चिरलेलं. नेऊन टाका म्हणाला. फुकट मिळणाऱ्या वस्तूबद्दल माणूस सहसा दोन प्रश्न जास्तच विचारतो. संघदीप मेव्हण्याबरोबर टेम्पो घेऊन गेला आणि त्यानं एकही विचारला नाही.

त्याला कारण होतं. धरणावर एक रीत आहे. जुनी बोट घेणारा आधी विचारतो, ‘हिच्यात शेवटी कोण बसलं होतं?’ मग त्या माणसाला बोलावून आणतात. तो बोटीत पुन्हा एकदा बसतो, सगळ्यांदेखत उतरतो, आणि मगच बोट नव्या धन्याची होते. जुना उतरल्याशिवाय नवा चढत नाही. संघदीपला ही रीत माहीत होती, आणि माहीत होती म्हणूनच तो गप्प राहिला. विचारणं म्हणजे मानणं.

नेमसिंग विडी न पेटवता बोटांत फिरवत होता. शेवटी त्यानंच तोंड उघडलं. “इचारनार नाही का, भाऊ?”

“इचारून काय करू? मी ठोकून पाह्यतो.”

अतुल हसला. नेमसिंग नुसता वाकला आणि बोटीची दोरी सोडायला लागला.

बोट अंगणात कडुनिंबाखाली दोन ड्रमांवर ठेवली. फायबरचं दुखणं डोळ्यांना दिसत नाही. वरून रंग शाबूत असतो आणि आत थर सुटलेले असतात. म्हणून बाजारात टरबूज ठोकतात तसं लाकडी हातोडीनं अंगभर ठोकायचं. चांगली जागा टण बोलते, सुटलेली भद् करते. जिथं भद् येईल तिथं खडूची खूण, मग खुणा जोडून तेवढा भाग ग्राइंडरनं कापून काढायचा आणि काचतंतूंची नवी मॅट रेझिनमध्ये भिजवून बसवायची. संघदीपचा कान या कामात कधी चुकला नव्हता.

पहिल्या दिवशी त्यानं बोट आतून ठोकली, खुणा जोडल्या आणि जरा मागं सरकून पाहिलं. तळावर एक माणूस निजला होता. कुशीवर, गुडघे पोटाशी घेतलेले, एक हात डोक्याखाली.

संघदीप मोठ्यानं हसला. ऐकायला कोणी नव्हतं तरी हसला. माणसाला ढगातही माणूसच दिसतो, असं स्वतःला बजावून त्यानं तो सगळा आकार कापून काढला, नवी मॅट बसवली, वरून रोलर फिरवला. मे महिन्याच्या उन्हात रेझिन बघताबघता दगड होतं. दुसऱ्या दिवशी ठोकलं तर नव्या जागेनं खणखणीत उत्तर दिलं. रीतीप्रमाणे बाकीची बोटही ठोकली. काल टण बोललेली डावी बाजू आज भद् भद् करत होती. त्यानं खुणा केल्या, जोडल्या. तोच माणूस होता, तेवढ्याच लांबीचा. फक्त आता उताणा झाला होता.

दुपारची वेळ होती. उन्हानं गल्ली ओस पडलेली, कुत्रीसुद्धा नालीत शिरलेली. संघदीपनं टेप काढला आणि ठेवून दिला. काही गोष्टी मोजल्या की पक्क्या होतात.

दोष त्यानं रेझिनवर टाकला. दुसऱ्या दुकानातून नवा डबा आणला, पुन्हा कापलं, पुन्हा भरलं. माणूस तोंड पलीकडे करून झोपला.

मैत्रेयीला त्यानं काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. सकाळी झाडताना ती ओल्या फडक्यानं खडूच्या रेघा पुसून टाकी, इतकंच. पण संघदीप माणसांची नोंद ठेवणारा होता, बायको झाली म्हणून काय झालं. तिनं कपड्यांची दोरी बोटीपासून दूर बांधली. वाळवण गच्चीवर नेलं. बोटीजवळून जाताना ती चपला हातात घेई, आणि कुकरची शिट्टी झाली की आधी खिडकीतून अंगणात पाही. निजलेला पाहुणा जागा होईल म्हणून बाई जसं वागते, तसं. मग एका दुपारी त्याच्या लक्षात आलं की आपणही जेवणानंतर ग्राइंडर चालवायचं बंद केलं आहे.

दोघांना ठाऊक होतं आणि दोघंही गप्प होते. त्या घरात भूत मानणं चोरीपेक्षा वाईट. चोरी निदान कबूल करता येते. “झालं का काम?” ती विचारी. “होऊन राह्यलं,” तो म्हणे. बोटीला निळा रंग लागला, वल्हवणाऱ्याला बसायला नवी आडवी पाटी लागली, अतुलचे फोन येऊ लागले. पोरगा हरखला होता. जाळं घेऊन ठेवलं होतं त्यानं. पहिल्या दिवशी एकटाच जाणार, धरणाच्या पार मधोमध, असं बहिणीला सांगत होता.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा व्हायच्या आधी, संघदीपनं नेमसिंगला फोन लावला. आधी वल्ह्यांची चौकशी केली. मग धरणाच्या पाण्याची. नेमसिंगनं सगळ्याची उत्तरं दिली.

“नेमसिंगभाऊ, शेवटी कोन बसलं होतं तिच्यात?”

“उकंडा,” नेमसिंग म्हणाला. जणू इतके दिवस नाव तोंडात धरूनच बसला होता. मग त्यानं सांगितलं ते एवढंच, की उकंडा मोठा झोपाळू गडी होता. जाळं टाकलं की बोटीतच लवंडायचा. एका सकाळी बोट एकटीच काठाला लागली, डबा तसाच बांधलेला. शोधायला पट्टीचे पोहणारे आले, पण उकंडा काही सापडला नाही. “तो उतरलाच नाही, भाऊ. कोनाले बलावू मी?”

अतुल टेम्पो घेऊन आला तो भर दुपारी. निळी बोट पाहून त्यानं तिला एक चक्कर मारली, मग दुसरी. संघदीपनं सांगून पाहिलं की आठवडाभर ठेव, रेझिन कच्चं आहे.

“या उन्हात?” अतुल म्हणाला. “भाऊजी, या उन्हात मानूस पक्का होऊन राह्यला, तुमचं रेझिन होत नाही?”

मैत्रेयी चहा घेऊन दारात आली होती. कप तिनं उंबऱ्यावर ठेवले.

“अतुल, तू नको नेऊ. तिच्यात मानूस हाय.”

अतुलनं बहिणीकडे पाहिलं आणि मग मेव्हण्याकडे, हसायला तयार होऊन. “काय भाऊजी, माही ताई अशी नव्हती. तुमच्याच घरात शिकली का हे?”

आता एक हसू पुरे होतं. संघदीप हसला असता तर नारळाची सगळी कमाई जाग्यावर राहिली असती, खोटी पडली असती ती फक्त बायको. आणि अतुल बोट घेऊन मधोमध गेला असता. मैत्रेयी त्याच्याकडे बघत होती. मागत काही नव्हती, बघत होती.

त्यानं हातोडी घेतली आणि मेव्हण्यादेखत बोट ठोकायला सुरुवात केली. तळ टण. डावी बाजू टण. उजवी टण. टोकापासून टोकापर्यंत कुठंही भद् नाही. अतुलनं टेम्पोवाल्याला हात केला. संघदीपचाही जीव भांड्यात पडत आला होता.

राहिली होती वल्हवणाऱ्याची पाटी. ती नवीकोरी, त्याच्या हातची. जुन्याचा तिच्यात कणही नव्हता. त्यानं ठोकली.

भद्.

पाटीच्या दोन्ही टोकांना टण, मधे भद्. वल्हवताना जिथं टाचा रोवतात तिथं तो वाकला. तिथंही भद्, पायाएवढ्या दोन जागा. मघाशी तळ ठोकला तेव्हा तिथं टण होतं.

झोपलेला उठून बसला होता. निघायची वेळ झाली हे त्यालाही कळलं होतं.

“अतुल,” संघदीप म्हणाला, “जागा भरली हाय.”

आवाज सवारी भरलेल्या जीपवाल्याच्या आवाजासारखा सपाट निघाला. अतुलचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्यानं पाटीवर तळहात ठेवला, क्षणभर ठेवला आणि काढून पँटला पुसला. तिथं ऊन नव्हतं, असं तो मागाहून बहिणीला म्हणाला. पडलेलं दिसत होतं, पण हाताला गार लागत होतं.

टेम्पो आलाच होता. बोट धरणावर नेली. मैत्रेयीही बसली. नेमसिंगनं एका बाजूनं हात लावला. चौघांनी मिळून बोट पाण्यात ढकलली आणि कोणीच चढलं नाही. वारा पडलेला होता, पाण्यावर सुरकुती नव्हती. वल्ही टेम्पोतच राहिली होती. तरी बोट गेली, काठापासून सरळ, घाई नसलेला माणूस वल्हवतो तशी.

परतताना केबिनमध्ये दाटीनं बसल्यावर अतुलनं विचारलं, संस्थेत काय सांगू?

“सांग, भाऊजीचं काम कच्चं निंघालं,” संघदीप म्हणाला. पुढच्या बोटीला मी स्वतः येतो, असंही म्हणाला, आणि विचारायचं ते विचारूनच घेऊ.

मैत्रेयी रस्त्याकडे पाहत म्हणाली, “तुमाले कधीपासून ठाऊक होतं?”

“पयल्या दिवसापासून. तुले?”

“मले बी.”

“मंग बोलली काहून नाही?”

“तुमी हासले असते.”

“हासलो असतो,” तो म्हणाला.

टेम्पो बांधावर चढला तेव्हा खाली सगळं धरण दिसलं. मधोमध निळी बोट थांबली होती.

“लवंडला असन,” मैत्रेयी म्हणाली. कोणीच हसलं नाही.