गळ्यावर वस्तरा असताना

सलूनवाल्याची बोटं इस्पितळाच्या बाकावर बसूनही थांबत नव्हती. अंगठा आणि मधलं बोट हवेत कात्री चालवत होती. केस असोत वा नसोत, कात्री वाजती ठेवायची, ही उभ्या आयुष्याची सवय. समोरच्या माणसाच्या मानेवरची रेघ वाकडी आली आहे, हे त्याने बायकोला दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा तिने त्याचा हात धरून मांडीवर दाबला.

“दुकानात गिऱ्हाइकांना दरडावता ना, हलू नका म्हणून? मग आता स्वतः बसा की जरा गप्प.”

त्याने हात सोडवून घेतला, उठला, पाण्याच्या पिंपापर्यंत गेला आणि पाणी न पिताच परत आला.

काल यंत्र दोनदा थांबलं होतं. फुप्फुसातल्या गाठीवर किरण सोडायचे तर माणूस आखलेल्या जागेवर तसाच्या तसा पडून राहायला हवा. त्याला ते जमलं नव्हतं. खोकल्याची उबळ यायची, अंग उडायचं, आणि शेवटी त्याला अर्ध्यावरच टेबलावरून उतरवलं. आजही असंच झालं तर नव्याने स्कॅन, नव्याने सगळी आखणी आणि तोवर उपचार बंद, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं होतं. आपण घरी बसून राहायचं आणि गाठीने मात्र सुट्टी घ्यायची नाही, असं त्याने घरी जाताना बायकोला बोलून दाखवलं होतं.

आतून बोलावणं आलं.

यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ बाईंना तो ताई म्हणायचा. खोकल्याचं औषध आणि दुखण्याची गोळी त्यांनी त्याला आधीच देऊन ठेवली होती. हात डोक्यावर नेऊन दांडा धरायचा, तर त्याचा उजवा खांदा ठणकायचा. वर्षानुवर्षं हात उचलून काम केल्याने तो झिजलाच होता. पण हे त्याने कालपर्यंत कुणाला कळू दिलं नव्हतं. कुरकुर करणारं गिऱ्हाईक कुणाला आवडतं, असं त्याचं म्हणणं. त्यावर बाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. आज त्यांनी त्याच्या अंगाच्या मापाने घडवलेल्या गादीत त्याला निजवलं, कोपराखाली कापडाची घडी सरकवली, गुडघ्यांखाली उशी दिली, कमरेपासून खाली पांघरूण घातलं, पोटावर श्वास टिपणारी छोटी डबी ठेवली आणि अजिबात हलू नका असं बजावून त्या बाहेर गेल्या. जाड दार लागलं.

बाहेरच्या पडद्यावर पोटावरच्या डबीबरोबर एक रेषा वरखाली होत होती. तो त्याचा श्वास. यंत्र सुरू व्हायची वेळ आली आणि रेषा आडवी झाली. यंत्र सुरूच झालं नाही. रेषा तशीच राहिली, मग एकदम उसळली आणि खोकला सुरू झाला.

बाई आत आल्या. तो घाईघाईने माफी मागू लागला. आणखी एकदा बघा, आता मुळीच हलणार नाही, म्हणू लागला. त्यांनी त्याला पुरतं खोकू दिलं.

“काका, मी बाहेर गेले की तुम्ही श्वास रोखून धरता?”

“धरणारच. गळ्यावर वस्तरा असताना कोण श्वास घेतं?”

मग त्याने समजावून सांगितलं. हनुवटीखाली वस्तरा लागला की हात पुरा फिरेपर्यंत कारागिराने श्वास घ्यायचा नाही. हात हलतो तो श्वासाने. दुकानात आलेल्या प्रत्येक कारागिराला त्याने पहिल्यांदा हेच शिकवलं होतं.

बाई टेबलाच्या कडेला टेकल्या. यंत्र वाट पाहत होतं ते स्कॅनच्या दिवशीच्या श्वासाची; रेषा तशी चालली तरच ते किरण सोडणार होतं. त्या दिवशी त्याला कुणी दटावलं नव्हतं, म्हणून तो सुखाने श्वास घेत पडला होता. पुढे त्या रोज जास्त बजावत गेल्या आणि तो रोज जास्त रोखत गेला. दोघांनीही मन लावून घोळ घातला होता.

“आणि तेव्हा गिऱ्हाईक काय करतं?” त्यांनी विचारलं.

“गिऱ्हाईक झोपतं. तोंड उघडं टाकून.”

“मग आज तुम्ही गिऱ्हाईक.”

हे त्याला मुळीच पसंत पडलं नाही. धंद्यात आल्यापासून तो दुसऱ्याच्या खुर्चीत बसलेला नव्हता. स्वतःचे केससुद्धा दोन आरशांत बघून स्वतःच कापायचा. मागून पाहिलं की ते कळतं, असं बायकोचं मत होतं. बाईंनी त्याच्या हातात बाहेर घंटी वाजवणारा रबरी फुगा दिला. उबळ आली तर तिच्याशी भांडायचं नाही, फुगा दाबायचा. यंत्र थांबवू, खोकून घ्यायचं, पुन्हा निजायचं.

दार लागलं. लगेच नाक खाजायला लागलं. मग कान. यंत्राचा भला मोठा हात डोळ्यांसमोरून फिरत गेला आणि त्याने पुन्हा श्वास धरला. लक्षात येताच सोडला. बोटं वळवळली, पण तिथे फुगा होता. त्याला दर आठवड्याला येणारे एक निवृत्त मास्तर आठवले. साबण लागायच्या आत त्यांची मान त्याच्या तळहातावर कलंडायची. त्यांच्या डोक्याच्या ओझ्यावर तो कायम वैतागायचा. पण पातं गळ्यावर असताना या माणसाला झोप येतेच कशी, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. त्याने आपलं डोकं गादीवर सोडून दिलं.

बाहेर रेषा एक उंच, एक ठेंगणी, अशी लंगडत आली आणि हळूहळू सरळ चालीला लागली. यंत्र सुरू झालं. थांबलं. सुरू झालं. एकदा फुगा दाबला गेला. बाई आत आल्या, तो खोकला, जागा पुन्हा जुळवली. पुन्हा दार. बाईंचं बोट बंद करायच्या बटणाशी होतं आणि नजर रेषेवर. पडद्यावर पूर्ण असं उमटलं तेव्हा त्यांनी इतका लांब श्वास सोडला की त्या स्वतःच दचकल्या.

त्यांनी आत येऊन त्याचे हात खाली घेतले.

“झालं?”

“सगळं झालं. तुमचं कारागिराचं म्हणणंही खरंच होतं, काका. मी बाहेर श्वास धरून बसले होते.”

तो उठून बसला. त्यात त्याला काही विशेष वाटलं नाही. फुगा परत देताच अंगठा आणि मधलं बोट हवेत चालू झालं.

“उद्याही धरा,” तो म्हणाला.