इद्दतीच्या आधीचा शिक्का

गफ्फार मिस्त्री माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं; कारण पुढे त्यानं जे केलं ते ऐकून कोणालाही तसंच वाटेल. वरोऱ्यात त्याचं सागवानी फर्निचरचं दुकान आहे. आलापल्लीच्या लाकडावर नुसता हात फिरवून तो सांगतो, आतून पोखरलंय की नाही. जावई निवडताना मात्र ही अक्कल कुठे गेली होती, देव जाणे.

जावई अकरम सिमेंटच्या कारखान्यात फिटर. पगार वेळेवर, राहायला क्वार्टर, आणि बायकोपोरांसकट सगळ्यांचा दवाखान्याचा विमा. स्थळ पाहताना गफ्फारनं एवढंच पाहिलं. लग्नानंतर अकरमनं गफ्फारच्या पोरीवर, निशातवर, दोनदा हात उचलला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ती अंगावरच्या कपड्यांनिशी बसमध्ये बसली, माहेरी आली आणि दारातच म्हणाली, "अब्बा, मले खुला पाहिजे." खुला म्हणजे बाईनं स्वतः मागितलेली सोडचिठ्ठी. गफ्फार पोरीच्या मागे उभा राहिला, हे त्याच्या पदरात टाकायलाच हवं. महिनाभरात जमातीच्या पाच बुजुर्गांसमोर दोघांची संमती झाली.

आता त्यांच्या मोहल्ल्यात एक जुनी रीत आहे. संमती आज झाली तरी कागदावर काझीसाहेबांचा शिक्का लगेच लागत नाही. बाईची इद्दत, म्हणजे घरात थांबायचे तीन महिने, आधी पार पडू देतात. कोणाचं मन फिरलं तर फिरावं, आणि पोटात काही असलं तर कळावं. असलंच, तर इद्दत बाळंतपणापर्यंत लांबते, आणि कागद तोवर काझीसाहेबांच्या कपाटात पडून राहतो. आजवर कोणाला त्याची घाई झाली नव्हती. झाली ती आमच्या गफ्फारला!

तिसऱ्या दिवशी सकाळीच तो काझींच्या दारात.

"आजच शिक्का मारा, काझीसाहेब. त्याचं नाव माह्या पोट्टीच्या नावामागं एक दिवस बी नको."

"मिस्त्री, रीत आहे आपली. तीन महिने काही जास्त नाहीत."

"काऊन? माह्या पोट्टीवर भरोसा नाई काय तुमचा?"

असं तोडून बोलल्यावर त्या म्हाताऱ्यानं काय करावं? काझींनी शिक्का मारला, तारीख टाकली आणि कागद पुढे सरकवला.

बरं, इथं तरी थांबावं की नाही माणसानं? छे! कागदाची झेरॉक्स काढली, संमतीनंतर सासरहून सामानासोबत आलेलं निशातचं विम्याचं कार्ड कपाटातून उचललं आणि स्कूटरनं गडी थेट कारखान्याच्या ऑफिसात. तिथला कारकून प्रवीण त्याच्या ओळखीचा. त्याच्या बहिणीचं कपाट गफ्फारनंच बनवलेलं. त्याच्या टेबलावर कार्ड आपटून गफ्फार म्हणाला, "इचं नाव काढून टाका. आमाले त्याची सुई बी नको."

"भाऊ, हा अर्ज अकरमनं द्यायचा असते," प्रवीण म्हणाला. "त्यानं त अजून तोंड उघडलं नाई. तुम्ही काऊन आणला?"

"मी आणला न! काढा."

"एकदा शिक्क्याचा कागद माह्या टेबलावर आला त मले दाबून ठेवता येत नाई. पहा बरं."

"पाहिलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. परत येताना चहाच्या टपरीवर गफ्फारनं ही सारी हकिगत रंगवून सांगितली. लोक म्हणाले, वा मिस्त्री, याला म्हणतात बाप! त्याची छाती फुगली. सगळ्या गावाला सांगितलं, फक्त घरी नाही सांगितलं. बायकांना कागदपत्रातलं काय कळतं, असं त्याचं मत. नूरी, त्याची बायको, घरकामात. आणि निशात इद्दतीत, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. तिच्या कानावर कोण घालणार?

दीड महिन्यानं निशातला उलट्या सुरू झाल्या. नूरीनं दिवस मोजले, तपासणी करून आणली, आणि हसावं की रडावं न कळून नवऱ्याला सांगितलं. गफ्फार तर खूशच झाला. दुकानात जाऊन त्यानं पाळण्यासाठी सागाची चांगली फळी बाजूला काढून ठेवली. कार्डाची त्याला आठवणसुद्धा झाली नाही.

आठवण झाली पाचव्या महिन्यात, डॉक्टर उर्वशीबाईंच्या दवाखान्यात. सोनोग्राफीचा कागद पाहून बाई म्हणाल्या, "वार खाली बसली आहे. रक्त जाऊ शकतं. सिझर लागेल, रक्ताची सोय हाताशी पाहिजे. हे बाळंतपण वरोऱ्यात करायचं नाही. नागपूरला मोठ्या दवाखान्यात नाव टाका. विमा आहे का?"

"आहे न," निशात पटकन म्हणाली. "कंपनीचा. शिक्का कुठी लागला अजून? बाळंत होईलोक मी त्याच्याच कार्डावर आहो. आहे न, अब्बा?"

तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं. घाबरलेली होती, पण चेहऱ्यावर भरोसा होता. गफ्फारच्या कानशिलात जाळ झाला. इथंच सांगून मोकळं व्हायचं होतं. पण डॉक्टरबाई पाहून राहिल्या होत्या, नर्स पाहून राहिली होती.

"हाव," तो म्हणाला. "आहे."

"नसला तरी अडत नाही," बाई म्हणाल्या. "नागपूरच्या सरकारी मेडिकलमध्ये या कामाचे हात चांगले आहेत. फक्त आतापासून चकरा माराव्या लागतील, रांगेत उभं राहावं लागेल."

"सरकारीत कायले? माही पोट्टी काही बेवारस नाई," गफ्फार म्हणाला. घ्या! वरून हा तोरा.

दुसऱ्या दिवशी तो चोरासारखा प्रवीणकडे गेला. टेबलासमोर उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"नाव पुन्हा चढवता येते काय?"

प्रवीणनं कॉम्प्युटरवर पाहिलं. "भाऊ, विम्यात बायको म्हणजे बायको. शिक्क्याच्या तारखेपासून ती अकरमची कोणी नाई. तो शिक्का बाळंतपणानंतर लागला असता त आज काहीच प्रश्न नव्हता."

"नवा विमा काढतो मंग. माह्या खर्चानं."

"आता पोटात असलेल्या लेकराले नवा विमा लागू पडत नाई. बाळंतपणासाठी आधी दोन-तीन वर्षं थांबा लावतात." मग आवाज खाली करून तो म्हणाला, "एकच रस्ता आहे. दोघांनी पुन्हा निकाह केला, निकाहनामा इथी दिला, त नाव चढते. आमच्या पॉलिसीत बाळंतपण पहिल्या दिवसापासून आहे."

त्या बिचाऱ्यानं नियम सांगितला. पण गफ्फारनं तो रस्ता धरला! बुडत्याला काडी दिसली म्हणावं, तर काडी कसली, ज्या डोहातून पोरीला काढलं तोच डोह. खरं सांगायचं तर त्याला पोरीची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी ही होती की निशातला काही न सांगता हे निस्तरावं. झाकून जावं सारं.

अकरम क्वार्टरच्या ओट्यावर मोटरसायकल पुसत होता. त्यानं सलाम केला, खुर्ची दिली. गफ्फार खुर्चीच्या कडेवर टेकला.

"बेटा, कागदापुरतं पुन्हा निकाह करून टाकू. बाळंतपण झालं की मंग पाहू."

"कागदापुरतं नाई," अकरम शांतपणे म्हणाला. "यायचं त घरी यायचं. अन् येताना साऱ्यांसमोर माह्या अम्मीची माफी मागायची. लय तमाशा केला तिनं."

आता मारणार तर नाही न? एवढंच विचारायचं होतं. बापानं विचारावं असं ते एकच होतं. गफ्फारच्या ओठांपर्यंत आलं, आणि त्यानं गिळलं. समोरचा निकाहालाच नाही म्हणाला तर, ही भीती.

"बरं," तो म्हणाला.

घरी तरी कसं सांगणार? शिक्का आधी लागला, हे सांगितल्याशिवाय निकाह पुन्हा कशाला, हे सांगता येईना. दुपारी नूरी तांदूळ निवडत बसली होती, निशात भिंतीला टेकून होती. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि अकरमच्या अटीसकट तुटक तुटक सगळं बोलून गेला. नूरीच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

निशात ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"शिक्का कधी लागला?"

"तिसऱ्या दिवशी."

"अन् कार्ड?"

"त्याच दिवशी."

"डॉक्टरबाईसमोर तुम्ही आहे म्हटलं."

"हाव."

"अन् अकरमले काय म्हटलं?"

गफ्फार जमिनीवर सांडलेले तांदळाचे दाणे वेचू लागला. तिला कळलं. ती भिंतीचा आधार घेत उठली, पलंगाखालून पिशवी ओढली आणि कपाटातले कपडे एकेक करून त्यात भरू लागली.

"त्याच्या अम्मीची माफी मागीन मी," ती म्हणाली. "साऱ्यांसमोर मागीन. लेकरू सुखरूप झालं पाहिजे. तुम्ही फक्त त्याले एवढं सांगून द्या अब्बा, पोटावर नको मारू म्हणा."

कोणी भर चौकात जोड्यानं मारलं असतं तरी गफ्फारला एवढी लाज वाटली नसती. रागानं बोलली असती तर उलटून बोलता आलं असतं. ती तर सौदा पक्का झाल्यासारखी एक अट सांगत होती, आणि सौदा करून आला होता तो बाप. नूरीनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "ऐकलं काय? वा रे इज्जतवाले! पोट्टी तिकडून जिवंत आली त तुमाले पायवली नाई काय?"

गफ्फारनं पिशवी निशातच्या हातातून घेतली. कपडे पुन्हा कपाटात ठेवायला लागला, तर घडीही त्याला धड घालता येईना. मग दोघींसमोरच त्यानं अकरमला फोन लावला. "ती येत नाई. मी तिले न विचारता बरं म्हटलं. माही चुकी आहे." पलीकडून अकरम बराच वेळ तोंडाला येईल ते बोलला. गफ्फारनं सारं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिघं नागपूरला गेली. सरकारी मेडिकलमध्ये नाव टाकलं. मग दर पंधरा दिवसांनी चक्कर. निशातला बाकावर बसवून गफ्फार रांगेत उभा राही. ती त्याच्याशी कामापुरतं बोले: फाईल द्या, पाणी द्या, नंबर आला. एकदा बाकावरच्या एका बाईनं सहज विचारलं, "नवरा कंपनीत होता म्हणतेस, मंग विमा नाई काय?" निशातनं फाईल मांडीवर ठेवली. तिनं बापाकडे पाहिलं, आता तुम्हीच सांगा म्हणून.

"होता," गफ्फार म्हणाला. "मी बंद केला. हिले न विचारता." त्या बाईनं तोंडावर पदर धरला. गफ्फार खाली पाहत उभा राहिला.

नवव्या महिन्याच्या सुरुवातीला रक्त गेलं, आणि डॉक्टरांनी लगेच सिझर केलं. दोन बाटल्या रक्त लागलं, त्यातल्या एकीच्या बदल्यात गफ्फारनं आपलं दिलं. मुलगी झाली. निशात वाचली, लेकरू वाचलं. तेवढंच तर पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात पाहुण्यांना सोडायच्या वेळी नूरी आधी आत गेली. गफ्फार दाराशीच थांबला. नात झाली की आजोबानं पुढं होऊन तिला उचलायचं, कानात अजान द्यायची, हे त्याच्या घरात कोणी कोणाला विचारून करत नसे. त्यानं दोन पावलं टाकली आणि पुन्हा थांबला. खाटेवर निशात पडली होती, कुशीत ते लालबुंद गाठोडं. तिनं मान वळवून बापाकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"निशात," तो म्हणाला. "बेटा, मी हिले घेऊ काय?"

निशातच्या जन्मापासून आजवर तिला विचारलेली ही त्याची पहिली गोष्ट. निशातच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. बाळाच्या तोंडावरचं फडकं थोडं बाजूला केलं.

"हात धुऊन या, अब्बा," ती म्हणाली.