सुंदरबाईनं काढलेला दसरा

पोळा झाला आणि ताराबाई यायची बंद झाली. सव्वीस वर्षं उमापुरातल्या मोहनरावांच्या अंगणात दिवस उगवताना तिचा खराटा वाजायचा. मोहनराव त्या आवाजानंच उठायचे. खराटा वाजायचा थांबला तसे ते आठ-आठ वाजेपर्यंत लोळू लागले आणि वर म्हणू लागले, "आजकाल झोप लई लागतीय, बीपीची गोळी बदलावी लागंल."

चार दिवस वाट बघून सुंदरबाईनं सालगड्याला, म्हाळूला, वस्तीवर धाडलं. तो परत येऊन दारातच उभा राहिला.

"न्हाई जमायचं म्हणली."

"कावून पण?"

"ते काय सांगितलं न्हाई. एवढंच म्हणली."

मोहनराव ओसरीवर पेपर वाचत होते. दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेला माणूस, कुठल्याही गोष्टीचं कारण त्यांच्याजवळ तयार असायचं. "लेक नर्स झाली ना तिची," ते म्हणाले. "माज आलाय. दुसरं काय?"

सुंदरबाईला ते पटलं. न पटून करायचं काय होतं?

दुसरी बाई मिळेना. कापूस फुटलेला, सोयाबीन काढणीला आलेलं. रानात चार पैसे जास्त मिळत असताना दुसऱ्याच्या मोऱ्या घासायला कोण येतं? पुण्याहून सुनेचा, धनश्रीचा, फोन आला. "आई, आमच्याकडं मोबाईलवर नुसतं बटण दाबलं की चार माणसं मशीन घेऊन येतात, दोन तासांत घर चकाचक." सुंदरबाई म्हणाली, "मंग त्यातलीच दोन दे लावून हिकडं." धनश्री हसली आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

पण घट बसायच्या आत दसरा निघायलाच पाहिजे. दसरा काढायचा म्हणजे घर उलथंपालथं करायचं. आढ्याच्या जळमटापासून उंबऱ्याखालच्या मातीपर्यंत, गोधड्या, वाकळा, फडताळातले डबे, वर्षातून एकदा उजेड बघणारी पितळेची भांडी, सगळं बाहेर, सगळं धुऊन आत. मळक्या घरात देवी कशी बसवायची? बासष्ट वर्षांची, अंगात साखर असलेली सुंदरबाई पदर खोचून उभी राहिली.

पहिल्या दिवशी तिला फरशी पुसायचं फडकं सापडेना. घर तिचं, चाव्या तिच्या कमरेला, आणि फडकं कुठं असतं ते माहीत नाही. दीड तासानं ते न्हाणीच्या मागं तारेवर घडी करून वाळत घातलेलं मिळालं. घराला नऊ खोल्या आहेत हे ती पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. नऊ खोल्यांना कोपरे किती असतात ते तिला आता कळत होतं. लांब काठीला केरसुणी बांधून तिनं जळमटं काढली. भिंतीवरचा मोहनरावांचा मोठा फोटो उतरवून पुसला. मागच्या निवडणुकीत वस्तीवर मांडी घालून भाकरी खाताना काढलेला. घास तोंडापाशी होता. तो पुढं तोंडात गेला की नाही हे फोटोत दिसत नव्हतं, आणि त्या दिवशी घरी येऊन मोहनराव नेहमीसारखे पोटभर जेवले होते.

गोधड्या म्हाळूनं ट्रॅक्टरात घालून कालव्यावर नेल्या आणि नुसत्या बुचकळून आणल्या. तिनं त्या पुन्हा आपटल्या. रात्री पाठ टेकवेना.

खरं सांगायचं तर कामापेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीनं खाल्लं होतं. घरात बोलायला कुणी नव्हतं. मोहनराव बोलायचे ते सांगण्यासाठी. ताराबाई अंगणातून बोलायची, सुंदरबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि दोघींचा हात चालूच असायचा. कुणाची सून माहेरी गेली, कुणाची म्हैस आटली, गुडघ्याला कोणतं तेल बरं. सुंदरबाईची थोरली मुलगी तापात गेली तेव्हा सगळं गाव तीन दिवस येऊन रडलं आणि थांबलं. ताराबाई खिडकीखाली बसून वर्षभर तिचं नाव काढायची. ती परत यावी असं सुंदरबाईला इतकं वाटत होतं, की कधीकधी पहाटे तिला खराट्याचा भास व्हायचा.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघर घासताना ॲसिडची बाटली उपडी झाली. चपला नव्हत्याच पायात. दुपारी माजघर पुसून ती मागं वळली तर ओल्या फरशीवर लाल ठसे. "कोण बे ते? आत्ता पुसलं हाय," ती म्हाळूच्या नावानं ओरडली. मग ठसे कुठून कुठं जातात ते बघत बघत स्वतःच्या पायाशी आली. उजव्या अंगठ्याशेजारचं बोट फुटलं होतं आणि साखरेनं बधिर झालेल्या पायाला काही कळलंच नव्हतं.

हे तेच बोट. आषाढात काटा मोडून सडलं होतं. बीडच्या डॉक्टरनं कापायचं ठरवलं होतं. ताराबाईची संगीता आरोग्य केंद्रात नर्स, ती म्हणाली, "काकू, एक महिना मला द्या. मी बघते." दिवसाआड ड्युटी संपवून यायची, खाली बसायची, पाय मांडीवर घ्यायची, पू काढायची, पट्टी बांधायची. एक रुपया घेतला नाही. पोळ्याच्या दिवशी जखम कोरडी झाली आणि बोट वाचलं.

सुंदरबाईनं बोटाला चिंधी बांधली.

तिसरा दिवस सर्वपित्री अमावस्येचा. पित्रांचा स्वयंपाक पहाटे उठून करून झाला. दुपारी ताटं वाढायच्या आत पितळ उरकायचं म्हणून तिनं परसात भांडी काढली. चिंच, राख, काथ्या. घागर, तपेली, परात, पेले. भांड्यांची एक रीत घरात होती, सासूच्या वेळेपासूनची. घासायची ताराबाईनं. घासून दगडावर पालथी घालायची आणि बाजूला व्हायचं. मग सुंदरबाईनं बाहेर येऊन त्यावर वरून पाणी घालायचं आणि भांडी घरात घ्यायची. ते पाणी कशासाठी हे कुणी बोलायचं नाही.

आज घासणारी तीच होती. तरी घागर घासून पालथी घातल्यावर ती उठली, तांब्या भरून आणला आणि घागरीवर वरून पाणी घातलं. तपेलीवर घातलं. परातीवर घालताना तिचा हात थांबला. स्वतःच्या हातचं भांडं ती कुणापासून धूत होती? ती एकटीच हसली. हसू काही चांगलं नव्हतं.

मग पेले घेतले. पाच उजळले. सहाव्याच्या बुडाला काळा-जांभळा डाग होता, तो हलेना. राख लावली, लिंबू पिळलं, वीट उगाळून घासलं. हा डाग वापराचा नव्हता. पितळ विस्तवात पडल्यावरच असं जळतं. हा विस्तवात कुणी टाकला, असं ती स्वतःशी पुटपुटली आणि हातातला काथ्या तिनं खाली ठेवला.

पोळ्याचा दिवस. जखम कोरडी झाली म्हणून संगीता हसत होती. तिनं पाणी मागितलं. नर्सच्या कपड्यातल्या पोरीला सुंदरबाईनं घरातल्या पेल्यात पाणी दिलं, तेही कौतुकानं. संगीता पाणी पिऊन उठली. परसात ताराबाई पाणी तापवायच्या चुलीपुढं जळण मोडत होती. सुंदरबाईनं पेला तिच्यापुढं ठेवला आणि जसं रोज 'तो कचरा टाक' म्हणावं तसं म्हणाली, "तारे, त्यो पेला जरा विस्तवातून काढून घे गं."

ती बैलांच्या पोळीला तूप लावायला आत गेली आणि विसरून गेली. अगदी विसरून गेली. महिनाभर ती कारण शोधत होती.

ती तशीच उठली. हात धुतले, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून दसऱ्याला आणलेली नवी साडी पिशवीत घातली आणि वस्तीच्या रस्त्याला लागली. मोहनरावांना सांगितलं नाही. सव्वीस वर्षांत ती ताराबाईच्या उंबऱ्याच्या आत कधी गेली नव्हती.

ताराबाईचं दोन खोल्यांचं घरकुल. दारात गोधड्या वाळत होत्या. तिचाही दसरा निघाला होता, आणि सुंदरबाईच्या घरापेक्षा चांगला निघाला होता. ताराबाईनं तिला बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुर्ची पुसून पुढं केली.

"या आक्का. बसा."

संगीता रात्रपाळी करून आली होती. तिची नजर चिंधीवर गेली, चिंधी लाल झालेली होती. ती आतून डबा घेऊन आली, खाली बसली आणि पाय मांडीवर घेतला. कसं झालं, ॲसिड कधी सांडलं, एवढंच विचारलं. औषध झोंबत नव्हतं. सुंदरबाईच्या डोळ्यांतून तरीही पाणी यायला लागलं.

"तारे, माझं चुकलं गं," ती म्हणाली. "त्या पेल्याचं. आज भांडी घासताना ध्यानात आलं. देवाशप्पथ, मला आठवणच नव्हती."

ताराबाई स्टोव्हपाशी पाठमोरी होती. "आठवण नव्हती तेच लागलं, आक्का. रागानं बोलला असता तर म्या गिळलं असतं. तुमी निस्तं सांगितलं. अन् म्या टाकला बी. माझ्या हातानं. पोरगी अजून फाटकापाशी चप्पल घालत व्हती."

संगीतानं पट्टीची गाठ मारली. मान वर केली नाही.

"तू परत ये," सुंदरबाई म्हणाली. "काम नको करू. नुसती ये. मला करमत न्हाई, तारे."

हे खरं होतं. तिच्या आयुष्यात इतकं खरं ती फार वेळा बोलली नव्हती, आणि ताराबाईला ते कळलं. तिचा चेहरा सैल झाला. ती चहा गाळून घेऊन आली. साखर नव्हती, आलं होतं. सुंदरबाईला लागतो तसाच. बशीवर फुलांचा कप, धुऊन पुसून लख्ख केलेला.

"चहा घ्या आधी," ताराबाई म्हणाली. "मंग बोलू."

चहा घ्यायचा, एवढंच होतं. तिघींनाही ठाऊक होतं की एवढंच आहे. सुंदरबाईनं हात पुढं केला. वितभर अंतर राहिलं. हिच्याच लेकीनं आत्ता रक्त पुसलं, तिच्याच मांडीवर आपला पाय आहे, हे सगळं तिला समजत होतं. डोक्याला समजत होतं. पण सासूनं नवी नवरी असल्यापासून अंगात बसवलेलं आडवं आलं, आणि हात मांडीवर परत आला.

"माझा उपास हाय," ती म्हणाली.

ताराबाई कप धरून उभी राहिली. "उपासाला च्या चालतो की, आक्का."

"निर्जळी हाय."

"आज सर्वपित्री. आज पित्रं जेवतेत, सगळं गाव जेवतंय. आज कुणाचा उपास असतो?" तिचा आवाज चढला नाही. "सोमवार, एकादशी, संकष्टी. तुमचे समदे उपास मला पाठ हायेत. तुमच्या साबुदाण्याची पातेली म्याच घासली."

अजूनही सुंदरबाईला 'दे' म्हणता आलं असतं. ताराबाईनं तेवढी सवड दिली. मग कप खाली ठेवला आणि साडीची पिशवी उचलून सुंदरबाईच्या मांडीवर ठेवली.

संगीतानं पाय हळूच खाली टेकवला. साबणानं हात धुतले, तो चहा उचलला आणि उभ्यानंच पिऊन टाकला. "पट्टी परवा बदलावी लागंल, काकू," ती म्हणाली. "आरोग्य केंद्रात या. नऊला उघडतं. केसपेपर काढून लाईनीत बसा. हयगय केली तर बोट ऱ्हायचं न्हाई."

कुणी तिला घालूनपाडून बोललं नाही. ताराबाई रस्त्यापर्यंत घालवायला आली, दगड आहेत, पाय जपून टाका म्हणाली आणि मागं वळली.

घरी मोहनराव पाटावर बसून होते. कावळ्याचा घास ठेवून झाला होता.

"कुठं गेलतीस?"

"ताराबाईकडं."

"काय म्हणली मंग?"

चहाचं, उपासाचं, सगळं सुंदरबाईच्या ओठांवर आलं. मोहनराव ताटाकडं बघत होते.

"काय म्हणायची? न्हाईच यायचं म्हणली. लई विनवलं मी."

"मी म्हणलं नव्हतं? माज आलाय त्यांना."

"व्हय," सुंदरबाई म्हणाली.

तिनं खीर वाढली, वडे वाढले, आमटी वाढली. मग आपलंही ताट घेतलं. सकाळपासून राबून भूक लागली होती. ती पोटभर जेवली.