फिनलंडच्या व्याह्यांना मी कसं हसवलं

हे कोणी खरं मानणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो की मानू नका. मी बाबाराव, राहणार दारव्हा, वय सत्तर. एके दिवशी सकाळी नऊपासून दिवस मावळेपर्यंत मी तोंडातून एक शब्द काढला नाही, आणि तशा मुक्या अवस्थेत फिनलंडहून आलेल्या एका माणसाला हसवून आमच्या दीपाचं लग्न जुळवलं.

परवा तिच्याच लग्नाच्या मांडवात मी हे सांगायला बसलो, तर जीपवाला पूनमसिंग खुर्ची ओढून समोर आला.

"काका, फिनलंड मानतो मी. लग्न तं दिसूनच राह्यलं. तुमी दिवसभर चूप होते, हे नाई मानत."

"नको मानू. पण आयकशीन तर खरा."

दीपा म्हणजे माझी भाची. माझी धाकटी बहीण मथुराबाई आणि आमचे जावई रामराव यांची एकुलती एक पोट्टी. चार वर्षं झाली, तिकडे फिनलंडला कॉम्प्युटरच्या नोकरीवर गेली आणि तिथेच तिला मिका भेटला. मिका चांगला पोट्टा. दोनदा दारव्ह्याला येऊन गेला, भाकरीवर ठेचा घेऊन खातो, डोळ्यांतून पाणी काढतो आणि परत मागतो. त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. प्रश्न होता त्याच्या बापाचा. ओलावी त्यांचं नाव. जंगलखात्यात नोकरी केलेली, आता तळ्याकाठी एकटेच राहतात. बायको वीस वर्षांपूर्वी वेगळी झाली, आणि जवळचं म्हणावं असं माणूस म्हणजे हा एक मुलगा.

दीपाने आईला फोनवर साफ सांगितलं, "मिकाच्या बाबांनी नाही म्हटलं तरी तो लग्न करीनच. पण मी नाही करणार, आई. एकट्या माणसाचा एकच पोरगा, तो तोडून आणल्यासारखं मले नको."

म्हणजे सगळं त्या म्हाताऱ्याच्या मनावर. जानेवारीत तो आम्हाला बघायला येणार होता, एक दिवस.

हे कळल्याबरोबर मथुराबाईची नजर माझ्याकडे वळली. तिचंही बरोबर होतं. पाच वर्षांपूर्वी नाशिककडचे लोक दीपाला बघायला आले होते. चहा घेताना मी सहज म्हणालो, आमच्या घराण्यातल्या पोरी झोपेत चालतात, दीपा तर झोपेत दिग्रसच्या बाजारात जाऊन भाजी आणते, आणि एकही वांगं किडकं निघत नाही. आता आमच्याकडे असं कोणी बोललं की समोरच्याने तोंड न हलवता म्हणायचं, जोडा जमला मग, आमचा पोरगा झोपेत ट्रॅक्टर चालवतो. थापेवर मोठी थाप ठेवायची आणि जो आधी हसला तो हरला, असा आमचा पाहुणचार. नाशिकवाल्यांनी काहीच ठेवलं नाही. एकमेकांकडे बघितलं, अर्धा चहा कपात सोडला आणि उठले. चार दिवसांनी निरोप आला की मुलीला आजार आहे असं समजलं, तरी क्षमा असावी.

तर पाहुणे यायच्या दिवशी सकाळी नऊला मथुराबाईने माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "दादा, थे लोक गाडीत बसून जाईपर्यंत तोंड उघडलं तं माझं मेलेलं तोंड पाहशील."

"काहून पण, मी एवढंच..."

"शपथ सुरू झाली."

झाली तर झाली.

पाहुणे आले तेच मुळी पूनमसिंगच्या जीपमध्ये, यवतमाळहून. हे ऐकून पूनमसिंग मांडवात जरा सरसावून बसला. "मीच आणलं त्याईले. माणूस काचेले चिकटून बसला होता, पालीवानी."

"तुले स्पेशल गाडी सांगितली होती न?"

"स्पेशलच होती, काका. म्हणूनच तं अकराच भरले."

रामरावांनी शेतात रोडग्यांचा बेत केला होता. लिंबाखाली सतरंज्या, गोवऱ्यांचे निखारे, त्यात गव्हाचे गोळे भाजत घातलेले, वांग्याची भाजी, वरण, आणि तुपाचा भरलेला डबा. मला मथुराबाईने निखाऱ्यांपाशी बसवलं, एका गोणपाटावर, सगळ्यांपासून लांब. रोडगे फिरवायचे आणि चूप राहायचं.

रामराव साधे माणूस. त्यांना बोलायचं असलं की समोरच्याचं कोपर धरावं लागतं, नाहीतर शब्द फुटत नाही. त्यांनी ओलावींचं कोपर धरलं. ओलावी एक पाऊल मागे सरकले. रामरावांना वाटलं, पाहुण्याला ऐकू कमी येतं. ते एक पाऊल पुढे गेले आणि आवाज चढवला. पाहुणे आणखी मागे. असं करत करत तुरीचा धुरा-बांध संपला, विहीर मागे पडली, शेजाऱ्याचा हरभरा आला. पुढे तोंड करून रामराव आणि उलटे चालत ओलावी, दोघांनी मिळून सगळ्या शेताला एक फेरा मारला. मागून दीपा पळत होती, मराठीचं इंग्रजी करत.

"गुडघे दुखते का तुमचे? पोरगा एकच काहून? घरवाली काहून नाई आली?"

दीपाने तिकडे सांगितलं, "बाबा विचारतात, तुम्हाला झाडं आवडतात का?"

ओलावी म्हणाले, "हो."

"हो म्हणते," दीपा बापाला म्हणाली.

रामराव विचारात पडले. घरवालीच्या प्रश्नाला हो, म्हणजे काय समजायचं?

मग पंगत बसली. दीपाने दोन्हीकडे शिकवून ठेवलं होतं. सासऱ्याला सांगितलं होतं, पानात काही टाकू नका, वाईट दिसतं. आईला सांगितलं होतं, आग्रह करू नका. सासऱ्याने ऐकलं, आईने ऐकलं नाही. बिचारा माणूस घाम पुसत पान चाटूनपुसून रिकामं करायचा, आणि रिकामं पान बघून मथुराबाई आणखी वाढायची. त्याने पानावर तळहात आडवा धरला. आता आमच्याकडे पहिलं नको म्हणजे वाढा, दुसरं नको म्हणजे तूप कुठे आहे. त्याच्याकडे नको म्हणजे नकोच असतं, हे आम्हाला काय माहीत? मथुराबाईने बोटांच्या फटीतून तूप सोडलं. अकरा रोडगे गेले माणसाच्या पोटात. अकरा. मी भाजत होतो, मला माहीत.

बाराव्याला ओलावी उठले. पांढरे तर ते आधीच होते, आता निळसर दिसायला लागले. मिकाच्या कानाशी दोनच वाक्यं बोलले. दीपाचा चेहरा उतरला.

"काय म्हणाले गं?" मथुराबाईने विचारलं.

"म्हणाले, लोक प्रेमळ आहेत. पण इथं मले श्वास घ्यायले जागा नाही. उद्याचंच तिकीट पाहा."

ती ट्रॅक्टरच्या मागे गेली. मी तिथून बघत होतो, ओढणीने डोळे पुसत होती पोट्टी. आणि माझ्या तोंडात तेव्हा इतके शब्द जमले होते की दात हलायला लागले.

ओलावी जागा शोधत शोधत माझ्या निखाऱ्यांकडे आले. मी मान वर केली नाही, कारण मान वर केली की माझं तोंड आपोआप उघडतं. ते चार हात अंतर सोडून बसले. मी निखाऱ्यांकडे बघत होतो. तेही निखाऱ्यांकडे. अर्धा तास गेला, तास गेला. माझ्या पोटात थापा नुसत्या उकळत होत्या. मोजल्या मी, बेचाळीस निघाल्या. रोह्याला, म्हणजे नीलगाईला, मी चौथीपर्यंत शाळेत घातलं होतं ती तर अगदी ओठांपर्यंत येऊन गेली. पण मथुराबाई लिंबाखालून डोळे वटारून बघत होती.

आणि ओलावींचा रंग हळूहळू परत येत होता. खांदे खाली आले. बुटाची नाडी सैल केली. मिकाने दीपाला हळूच बोलावलं, मग रामराव आले, मथुराबाई आली, सगळे दबकत मागे उभे राहिले.

तेव्हा, निखाऱ्यातून नजर न काढता, ओलावी बोलायला लागले. दीपाने मराठीत सांगितलं, "म्हणतात, त्यांच्याकडं एक शेजारी आहे. दोन किलोमीटरवर घर. बावीस वर्षांआधी त्यानं लांबून एकदा हात हलवला. मागच्या वर्षी परत हलवला. म्हणून हे आता दुसरीकडं घर पाहून राह्यले. एवढा बडबड्या माणूस शेजारी नको, म्हणतात."

मथुराबाई कळवळली. "अरेरे. मंग भेटलं का घर?"

रामराव पुढे सरसावले, कोपर शोधत. "आपल्या घरी दोन खोल्या रिकाम्याच हायेत म्हणा. या म्हणा राहाले."

ओलावींचा चेहरा दार लावल्यासारखा बंद झाला. मिका दीपाला काहीतरी कुजबुजला आणि तिने कपाळाला हात लावला. "आई, गंमत करत होते ते. वर्षातून एकदा करतात."

मी मात्र पहिल्याच वाक्याला ओळखलं होतं. सरळ तोंड, कोरडा आवाज, जो आधी हसला तो हरला. अहो, हे तर आमचंच. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाने माझ्यापुढे थाप ठेवली होती, आणि आता तिच्यावर मोठी ठेवली नाही तर सगळ्या दारव्ह्याचं नाक कापलं जाणार होतं. नाकाचं सोडा, पोट्टीचं लग्न जाणार होतं. आणि माझ्या तोंडाला बहिणीच्या डोक्याची शपथ.

मी उठलो. गोणपाट उचललं, झटकलं. ओलावींकडे एकदा अशी नजर टाकली, जशी एसटीत शेजारी बसून कान खाणाऱ्याकडे टाकतो. मग दहा पावलं लांब गेलो, गोणपाट अंथरलं, आणि त्यांच्याकडे पाठ करून बसलो.

मथुराबाईने तोंडाला पदर लावला. तिला वाटलं, दादाने न बोलताच मोडलं.

आणि मागून आवाज आला. व्याही हसले.

मी वळून बघितलं तेव्हा ते डोळे पुसत होते. मग त्यांनी आपला चेहरा नीट केला, उठले, आणि माझ्या उलट दिशेला दहा पावलं जाऊन बसले. मला असा आनंद झाला की सांगता येत नाही. दोघं शेताच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून, दिवस मावळेपर्यंत. इतकी छान बैठक माझी कोणाशीच झाली नव्हती. निघताना त्यांनी मिकाला सांगितलं की उद्याचं तिकीट राहू दे, आणि लग्नात त्या सभ्य गृहस्थांच्या बाजूला आपली खुर्ची ठेवायला सांग. बाजूला म्हणजे चार हात सोडून.

"सभ्य गृहस्थ," पूनमसिंग मांडवात म्हणाला. "तुमी?"

"विचार त्याईलेच."

ओलावी चार हातांवर खुर्ची टाकून बसलेच होते, डोक्यावर फेटा, हात गुडघ्यांवर. दीपा त्यांना दर रविवारी फोनवर मराठी शिकवते, पण चार महिन्यांत एक अक्षर ऐकलं नव्हतं कोणी. लग्नाला येऊन तीन दिवस झाले होते, तरी नाही. ती पोट्टी पलीकडेच मेंदीचे हात हवेत धरून बसली होती, आणि तीन दिवस तिचं अर्धं लक्ष त्या खुर्चीकडे होतं. माणसाला आपल्यात करमतं आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता.

"बरं पण हसले म्हणजे किती हसले?" पूनमसिंगने विचारलं. "मी तं तवा गाडीत झोपलो होतो."

आता असं कोणी विचारलं तर मी काय करू?

"किती म्हणजे? लिंबावरचे कावळे उडाले ते आजवर परतले नाहीत. रामरावांच्या बैलांनी दावं तोडलं. तुझी जीप चावी न लावता सुरू झाली, तू झोपेत होता म्हणून तुले माहीत नाही. आवाज गेला थेट दिग्रसच्या बाजारात, तिथे माणसं हातातली भाजी खाली ठेवून एकमेकांना विचारायला लागली की दारव्ह्याकडे कोण एवढं..."

"खोटं," चार हातांवरून आवाज आला.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दीपा मेंदीचे हात तसेच धरून उभी राहिली.

ओलावी समोर बघत होते. चेहऱ्यावरची एक रेषा हलली नव्हती.

"खोटं बोलून राह्यले मामा," ते म्हणाले. "मी हसलोच नाई."