कॅसिनोची बस आणि मंगळागौर

मित्रांनो, माझा उडालेला रंग बघून नाक मुरडू नका. मी एक जुनी बस आहे, पण अशीतशी नाही हं, कॅसिनोची बस आहे! सकाळी न्यू जर्सीतल्या पार्सिपनीहून माणसं भरायची, अटलांटिक सिटीला समुद्रकाठी नेऊन सोडायची आणि संध्याकाळी घरी आणायची, हे माझं काम. मराठी कुठं शिकले म्हणता? अहो, माझ्या सीटवर बसून ज्या काकू आणि मावश्या अखंड बोलतात ना, त्यांनी दगडालासुद्धा मराठी शिकवलं असतं.

कारखान्यातून आले तेव्हा मी आरशासारखी चकचकीत होते. आमच्या कॅसिनोचा तेव्हा एकच मनोरा होता. माणसं खरं तर समुद्र बघायला यायची. आली की त्यांना भूक लागायची, पाय दुखले की ती खोली घ्यायची, गाण्याचा कार्यक्रम बघायची आणि जाता-येता खेळाच्या मशीनपाशी घुटमळायची. असं होता होता दुसरा मनोरा उभा राहिला. स्वयंपाकी, माळी, वाजंत्री, कितीतरी जणांना काम मिळालं. म्हणून तर माझ्या डिझेलचा खर्च कॅसिनोवालेच करतात. माणसं फिरायला आली नाहीत, तर तो एवढा झगमगाट कुणासाठी?

पण सगळेच हसत परततात असं नाही. कुणी पैसे हरून परतीच्या वाटेवर खिडकीला डोकं टेकलं, की मला फार वाईट वाटतं. तिथं गंमत म्हणून जावं, हट्टाला पेटू नये, एवढं मला बसलासुद्धा कळतं.

आता सुमित्राकाकूंचं सांगते. त्या सांगलीच्या, आता मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या. मुलगा आणि नवी सून हिमानी, दोघंही आयटीत. सकाळी दोघं गेली की काकू घरात एकट्या. गाडी चालवता येत नाही, पायी जावं असं काही जवळ नाही. मंगळवारी माझी पायरी चढल्या की त्यांचा चेहरा खुलायचा. सोबतच्या बायका येताना थालीपीठं आणायच्या. माझ्या ड्रायव्हरलाही, रेमंडलाही, एक मिळायचं. सगळ्याजणी ‘काकू, काकू’ करतात, म्हणून ते त्यांचं नावच आहे अशी त्याची समजूत. तो त्यांना ‘मिस काकू’ म्हणतो!

एका मंगळवारी रेमंड खाली मान घालून म्हणाला, “मिस काकू, वाईट बातमी आहे. मंगळवारची फेरी बंद करणार म्हणतात. तुमचा ग्रुप समुद्र बघतो, डबा खातो आणि घरी जातो. कॅसिनोला काय उपयोग?”

“अरे देवा! मग मी मंगळवारी करू काय? भिंतींशी बोलू?” काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

कॅसिनोवर पोचलो तर तिथल्या पर्यटनाचं काम बघणाऱ्या डोनाबाई दारातच उभ्या. काकू तडक त्यांच्यासमोर गेल्या. डोनाबाईंनी गोड हसून विचारलं, “तुमच्या लेडीज प्ले करतात का?”

काकू चमकल्या. श्रावण लागला होता, हिमानीची पहिली मंगळागौर तोंडावर आली होती आणि डोक्यात दुसरं काही नव्हतंच. त्या उत्साहानं म्हणाल्या, “प्ले? नेक्स्ट ट्यूसडे आय ब्रिंग बस फुल ऑफ लेडीज. होल डे प्ले! नो स्टॉपिंग! ओन्ली गिव्ह बिग हॉल.”

डोनाबाईंचा आनंद गगनात मावेना. त्यांनी जागच्या जागी हॉल कबूल केला.

पुढच्या मंगळवारी मी गच्च भरले. नऊवाऱ्या, नथी, गजरे! हिमानीनं सुट्टी टाकली होती. घरी पहाटे पूजा उरकून सगळ्या निघाल्या होत्या. हॉलची काचेची दारं पार्किंगकडे उघडी होती, त्यामुळे मला आतलं सगळं दिसलं. आत बघते तर काय, डोनाबाईंनी पत्त्यांची हिरवी टेबलं मांडून ठेवलेली! पत्ते वाटायला माणसं कोट घालून उभी!

“हे मध्ये कशाला बाई?” म्हणत काकूंच्या सोबतच्या सरलामावशींनी पदर खोचला. बघता बघता टेबलं भिंतीला लागली, पायातल्या चपला कोपऱ्यात गेल्या आणि फुगड्या सुरू झाल्या. डोनाबाई डोळे विस्फारून बघतच राहिल्या.

हिमानीच्या लक्षात आलं. ती काकूंच्या कानाशी लागली, “आई, प्ले म्हणजे त्यांना वाटलं, आपण पैसे लावून खेळणार!”

“अगं बाई!” काकूंनी कपाळावर हात मारला. “म्हणजे जुगार? मीच पायावर धोंडा पाडून घेतला की गं! आता बस कसली ठेवतायत!” लाजेनं त्यांचा चेहरा उतरला. त्या डोनाबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, “सॉरी हं. अवर प्ले इज धिस ओन्ली.”

पण तोवर बाहेरच्या वाटेवर पर्यटकांची गर्दी जमली होती. ओहायो राज्यातल्या डब्लिन गावाहून मैत्रिणींबरोबर आलेली एक पिकल्या केसांची बाई सरळ आत घुसली आणि सरलामावशींपुढे हात पसरून उभी राहिली. मग काय, झिम्म्यात एकच धमाल! तिच्या मैत्रिणी आल्या, पत्तेवाले कोट काढून टाळ्या वाजवू लागले. खेळून दमलेली सगळी फौज कॅसिनोच्या हॉटेलात जेवायला गेली, तर बसायला जागा पुरेना. ओहायोवाली डोनाबाईंना म्हणाली, “हे दर मंगळवारी असतं का? मग आम्ही मुक्काम वाढवतो.”

डोनाबाई काकूंपाशी आल्या. आपल्या उंच टाचांचे बूट काढत म्हणाल्या, “मिस काकू, बस चालू राहील. लोक राहायला आले, जेवायला बसले, हेच तर आम्हाला हवं असतं. पण मला हे गोल फिरणं शिकवाल?”

“दोन्ही हात द्या,” काकू मराठीतच म्हणाल्या, “आणि मागं झुका. मी धरलंय तुम्हाला.”

त्या दोघींची फुगडी बघून रेमंडनं माझा भोंगा असा काही वाजवला, की पार्किंगमधली कबुतरं उडाली!

मित्रांनो, आता माझे ब्रेक करकरतात आणि चढावर धाप लागते. कधी वेळेवर ऑइल बदलत नाहीत, काचा तर पावसानंच धुतल्या जातात. तरी मी सुखात आहे. मला जरा जपा, सीटवर च्युइंगम चिकटवू नका, एवढं सांगतेच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. सकाळी तुम्ही शाळेला आणि आईबाबा कामाला निघालात, की दार लावण्याआधी एकदा मागं वळून बघा. घरात कोण एकटं उरतंय? त्यांना तेवढं माझ्या थांब्यापर्यंत आणून सोडा. पुढचं मी बघते.