नाव कोरलेला डबा

दीनानाथांनी कापडी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. समोरच्या बाईंनी हातातला फोटो डब्याशेजारी धरला, एकदा फोटोकडे, एकदा डब्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"हाच," हेलन प्रिचर्ड म्हणाल्या. "झाकणावर काय कोरलंय?"

"माझ्या बायकोचं नाव. सौ. अर्चना आठल्ये. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात. कुणाच्याही घरी गेलं तरी भांडं परत येतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. शेजारी बसलेल्या राजीवने टेबलाखालून दीनानाथांच्या बुटाला बूट लावला. दीनानाथ ज्या कॉलेजच्या बॅडमिंटन संघाचे कोच होते, तिथल्या स्पोर्ट्स विभागाचा राजीव प्रमुख होता. जन्म इथला, इंग्लंडातल्या रीडिंगचाच, आणि पहिली रॅकेट दीनानाथांनीच त्याच्या हातात दिलेली.

"काका, तू फक्त यस-नो बोल," तो मराठीत पुटपुटला. "तू जास्त बोलला की माझी डोकं दुखतो."

"माझं डोकं दुखतं," दीनानाथांनी सवयीने दुरुस्त केलं.

"तुझं पण?"

हेलन बाई आंतरकॉलेज स्पर्धा चालवणाऱ्या संघटनेकडून चौकशीला आल्या होत्या. तक्रार अशी होती, की नदीपलीकडच्या कॉलेजची मायरा ही बॅडमिंटनपटू जानेवारीत, भर हंगामात, या कॉलेजात आली, ती आपली आपण आली नाही. दीनानाथांनी तिला ओढून आणली. नियम स्पष्ट होता. दुसऱ्या कॉलेजच्या खेळाडूला हंगाम चालू असताना लेखी कळवल्याशिवाय बोलवायचं नाही, आणि तिला किंवा तिच्या घरच्यांना काही द्यायचं नाही. आरोप खरा ठरला तर मायराचा हंगाम बाद होऊ शकत होता. राष्ट्रीय फायनल सहा आठवड्यांवर होती आणि मुलीचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष होतं.

"मे महिन्यात नारळाच्या वड्या," बाई यादी वाचू लागल्या. "जूनमध्ये पुन्हा वड्या. ऑगस्टमध्ये, मला उच्चार जमणार नाही..."

"चकली. बिघडली होती ती. ती धरू नका."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "वर्षभरात अकरा वेळा, मिस्टर आठल्ये. का?"

दीनानाथांनी डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवला.

"अर्चना गेली तेव्हा मला चहासुद्धा करावासा वाटेना. मायराची आई, शिल्पा, दोन गल्ल्या सोडून राहते. ती आली, ओट्यावरचा हाच डबा उचलून घेऊन गेली आणि संध्याकाळी भरून घेऊन आली. तेरा दिवस. पुढेही आठवड्यातून एकदा. दुसऱ्याच्या घरून भरून आलेला डबा आम्ही रिकामा परत पाठवत नाही. मग मी बायकोच्या वहीत बघून वड्या शिकलो. लालूच कुणाला लागलीच असेल, तर ती मला लागली."

राजीवने सुटकेचा श्वास सोडला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे मला समजतं," त्या म्हणाल्या. "शेवटचा प्रश्न. हा डबा देता-घेताना तुम्ही मायराशी कधी कॉलेज बदलण्याविषयी बोललात?"

राजीवचा बूट पुन्हा आला. 'नाही' म्हटलं असतं तर संपलं असतं. ते बोलणं ऐकायला तिथे तिसरं कुणी नव्हतं.

दीनानाथांना आपला शनिवारचा वर्ग आठवला. गावच्या क्रीडासंकुलातली लहान मुलं, चार कोर्ट, आणि पंच एकही नाही. वर्गाचा नियम एकच होता: चूक ज्याची, हात त्याचा वर. मागच्याच आठवड्यात सात वर्षांची अन्वी गेमपॉइंटवर खेळत होती. शटल तिच्या डोक्यावरून बाहेर पडलं, मुलं ओरडली, 'जिंकली!' पण तिने हात वर केला. "माझ्या वेणीला लागलं," ती म्हणाली. ते कुणालाही दिसलं नव्हतं.

दीनानाथांनी हात वर केला.

बाई क्षणभर गोंधळल्या. "बोला ना."

"ऑक्टोबरात. ती दारात डबा घ्यायला आली होती. मनगट सुजलं होतं आणि तिच्या कॉलेजवाले तशीच खेळवत होते तिला. रडत होती. मी म्हणालो, 'आमच्याकडे ये, आधी मनगट बरं करू.' मनगट बरं कर, एवढंच म्हणायला हवं होतं. आमच्याकडे ये, हे म्हणायला नको होतं. तिने विचारलं नव्हतं. मी म्हणालो."

राजीवने चष्मा काढून डोळे चोळले.

"तिने मग काय केलं?"

"काहीच नाही. तीन महिने तिथेच खेळली. मग स्वतः त्यांच्या कोचला सांगून, पत्र देऊन आली. तिला बाद करू नका. चूक माझी आहे."

बाईंनी बराच वेळ लिहिलं. निघताना त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलून दीनानाथांच्या हातात दिला.

पार्किंगमध्ये राजीव गाडीला टेकून उभा राहिला.

"काका, का बोललास तू? कुणाला माहीत नव्हता."

"अन्वी बोलते. मग मी बोलू नको?"

राजीवने गाडीचं दार उघडून धरलं, काका बसल्यावर त्यांचा पट्टाही त्यानेच लावला.

घरी आल्यावर दीनानाथांनी सवयीने शंकरपाळी तळली, त्याच डब्यात भरली आणि फिरायला जाताना शिल्पाच्या दारात ठेवून आले. परत येताना, गल्लीच्या तोंडाशी, आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. बारावी वेळ. घरी येऊन त्यांनी हेलन बाईंना ईमेल करून तेही कळवलं.

आठवड्याने निकालाचं पत्र आलं. मायरावर ठपका नव्हता. ती खेळू शकत होती. दीनानाथांना हंगाम संपेपर्यंत कॉलेजच्या संघापासून दूर राहायचं होतं, आणि मायराशी किंवा तिच्या घरच्यांशी कसलीही देवघेव करायची नव्हती. त्यांनी स्वतःहून सांगितलं म्हणून शिक्षा निम्मी केली होती, आणि शनिवारचा लहान मुलांचा वर्ग चालू ठेवायला हरकत नव्हती. शेवटी टाइप केलेल्या मजकुराखाली पेनाने एक ओळ होती: 'शंकरपाळ्यांची नोंद केली आहे.'

दीनानाथ पत्र हातात धरून खिडकीशी बसले. मुलांवर कुणाचं तरी इतकं बारीक लक्ष आहे, हे त्यांना बरं वाटलं. ते स्वतः शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांच्या सुजल्या मनगटांची चौकशी करायला कुणी येत नव्हतं. त्यांनी पत्राची घडी घातली आणि अर्चनाच्या वहीत ठेवली.

राहिला प्रश्न डब्याचा. तो शिल्पाकडे अडकला होता. भरून पाठवायला संघटनेची बंदी, आणि रिकामा पाठवायचा तर शिल्पाचा हात धजणार नाही, हे त्यांना माहीत होतं. ओट्यावरच्या मोकळ्या जागेकडे ते रोज सकाळी बघत. तिथे दुसरं काही ठेवावंसं वाटेना.

फायनलच्या शनिवारी सकाळी सातला बेल वाजली. दार उघडलं तर कुणी नव्हतं. पायरीवर डबा होता.

त्यांनी तो उचलला. फार हलका लागला. झाकण काढलं. आत काही नव्हतं. घासून पुसून लख्ख केलेला तळ, आणि त्यात त्यांचाच वाकडा चेहरा. इतक्या वर्षांत या घरात रिकामा डबा कधी आला नव्हता. मग त्यांनी तो उन्हाकडे धरून पुन्हा पाहिला. शिल्पाच्या घरातली माणसं किती वेळ विचार करत बसली असतील, तेव्हा कुठे हा असा मोकळा आला असेल.

रस्त्यापलीकडे, बसस्टॉपपाशी, खांद्याला किटबॅग लावून मायरा उभी होती. मनगटाला पट्टी नव्हती. ती अलीकडे आली नाही, हाकही मारली नाही. पण डबा ठेवायला ती दारापर्यंत आली होती, आणि नियमाप्रमाणे तेवढंही यायला नको होतं.

ते बघताहेत असं दिसल्यावर तिने हात वर केला, शनिवारच्या वर्गात करतात तसा, सरळ, कोपर न वाकवता.

दीनानाथांनी डबा छातीशी धरला आणि आपलाही हात वर केला.