न्हाणीमागची कामोनी

ईश्वरीचे ओठ जांभळे दिसले आणि उमाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. चार वर्षांची नात, आई तापात गेलेली. लेकानं, केदारनाथानं, चार महिन्यांपूर्वी डोंगरपट्ट्यातली शिवकन्या दुसरेपणावर करून आणली होती. सावत्र ती सावत्रच, हे उमाबाईंनी तिची हळद उतरायच्या आतच ठरवून टाकलेलं.

"काय चारलंस गं पोरीला?"

"कामोनी हाय, आत्या." शिवकन्येनं न्हाणीच्या पाण्यावर आलेलं झाड दाखवलं. मिरचीसारखी पानं, बारकी पांढरी फुलं, मिऱ्याएवढ्या फळांचे घोस. "काळी झाली की खायची. हिरवी न्हाई, हिरवीत जहर असतंय."

जहर! स्वतःच्या तोंडानं म्हणाली! पुढचं उमाबाईंना ऐकूच गेलं नाही. त्यांचा सगळा जन्म वडवणीच्या पेठेत किराण्याच्या दुकानामागं गेलेला. फळ म्हणजे बाजारात पाटीत मिळतं ते, एवढंच ठाऊक.

त्या दिवसापासून त्यांनी पाळत धरली. केदारनाथ आपल्या नव्या एसटीडी बूथवर गेला की दाराआडून बघायचं. पोरीची जीभ काळी दिसली की तांब्याभर मीठपाणी पाजायचं आणि पाठ थापटत ओकवायचं. काळं बाहेर पडलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. वर शेजारच्या चंद्रभागाबाईला ऐकवायचं, "एवढं जहर निघालं बघ. मी हाय म्हून पोर हाय!"

पंधरा दिवसांत पोर वाळली. आता कसला संशय, खात्रीच झाली. "एक तर ही ऱ्हाईल, न्हाईतर मी," त्यांनी लेकाला बजावलं. केदारनाथानं बायकोला माहेरची पिशवी भरायला सांगितली आणि पोरीला डॉक्टरकडं नेलं. उमाबाई हट्टानं सोबत गेल्या.

उमाबाईंनी काळ्या कामोनीचं नि ओकाऱ्यांचं सांगितलं, तसं डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. "पिकली कामोनी? ती तर आमीबी लई खाल्ली. ओकती कवा ही?"

"आजी मीठपाणी पाजती तवा," ईश्वरी म्हणाली.

केदारनाथ आईकडं बघतच राहिला.

घरी आल्या आल्या उमाबाई न्हाणीमागं गेल्या. हिरवं फळ ओढून बघितलं, देठ सोडीना. काळ्याला नुसतं बोट लागलं आणि ते तळहातावर आलं. त्यांनी ते जिभेवर ठेवलं. आंबटगोड, पिकल्या टमाट्यासारखं. त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. दारात शिवकन्या पिशवी घेऊन उभी होती.

"ठिव ती आत," उमाबाई म्हणाल्या. "चुकले मी."

मग निवडून निवडून ओंजळभर काळी फळं तोडली आणि ईश्वरीपुढं बसल्या. "घे, माझी बाय."

पोरीनं फळांकडं बघितलं, आजीच्या तोंडाकडं बघितलं आणि ती शिवकन्येच्या पदराआड सरकली.

"आई," तिनं हळूच विचारलं, "आजीच्या हातातलं खाऊ का?"